इद्रिस टाक्यात बसतो तेव्हा

दिगंबर काकांना कुजबुजता येत नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये राहतात ते. दिगंबर वैरागडे, मूळ वर्ध्याचे, अमेरिकेत रेडमंडमध्ये एकवीस वर्षं. लायब्ररीत त्यांनी मला "ज्ञानदा, हे पुस्तक रिन्यू करायचं का गं?" असं विचारलं की पार्किंगमधल्या माणसालाही आपली पुस्तकं आठवतात. माझ्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात सगळी व्हायोलिनं एकदम थांबली आणि हॉल शांत झाला, नेमकं तेव्हा काकांनी नीला काकूंना विचारलं, "कार लॉक केली ना आपण?" मराठीतलं काही नाही तरी 'कार' आणि 'लॉक' सगळ्यांना कळलं. पुढच्या रांगेतल्या दोन अमेरिकन आजोबांनी खिसे चाचपले.

"पूर्वी असा नव्हता हा," नीला काकू म्हणतात. "लग्नानंतर पाच वर्षं माझं सारखं चालू असायचं, काय? काय म्हणालास? परत बोल. आता दीड-दोन वर्षांत काय झालंय कुणास ठाऊक. कान तपासून घेतले. कान शंभर टक्के."

आणखी एक गोष्ट. इथं राहणारे आपण सगळे एक पाप करतो. लिफ्टमध्ये, दुकानातल्या रांगेत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच मराठीत बोलतो. माझी आई यात चॅम्पियन आहे. चेहरा हसरा, आवाज गोड, जणू हवेबद्दल बोलतेय: "बघ, एवढ्या थंडीत हाफ पँट. पाय बघ, कोंबडीचे." मराठी म्हणजे आपलं कुलूपबंद कपाट, आत काहीही कोंबा. काका हे कधीच करत नाहीत. दुसऱ्यानं केलं तर घाबरतात. "वहिनी, हळू. कोणाला काय समजतं, सांगता येत नाही." हे 'हळू'सुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असं.

काका गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आवाजाचं काम करतात. गाणी-बिणी नाही. घोड्याची टाप दगडावर पडली तर कशी वाजेल, चिखलात पडली तर कशी, दाराआडून माणूस बोलला तर किती बोथट ऐकू येईल, हे कम्प्युटरला शिकवायचं. घरी मात्र ते गेम खेळत नाहीत. मुलगा निमिष कॉलेजला गेल्यापासून त्याचं गेमिंगचं मशीन टीव्हीखाली धूळ खात पडलं होतं.

नोव्हेंबरात काकांची मोठी बहीण आली. रत्ना आत्या. वय एकसष्ट, लग्न केलं नाही, वर्ध्याच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. पहिल्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून त्यांनी रेडमंडच्या पावसाची पाच मिनिटं परीक्षा घेतली आणि नापास केलं. "हा काय पाऊस आहे का? हा तर कोणाचा तरी नळ टपकून राहिला."

काका-काकू कामावर, माझी आई सहाला यायची. म्हणून दोन्ही घरांनी ठरवलं की शाळा सुटल्यावर मी आत्यांकडे बसायचं. कोण कोणाला सांभाळणार हे कोणी स्पष्ट केलं नाही.

डिसेंबरात एका दुपारी मी जुन्या डीव्हीडींच्या मागे हात घातला आणि तो गेम सापडला. काकांच्याच कंपनीचा. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, कामाच्या ओझ्यात राहून गेलं असेल. कोणी वस्तू डीव्हीडींच्या मागे, भिंतीला टेकवून, उलटी ठेवतं तेव्हा ती राहून गेलेली नसते, हे मला कळायला हवं होतं. मी प्लॅस्टिक फाडलं.

गेम असा आहे. सन चौदाशे एक्याण्णव. स्पेनमध्ये मुसलमानांचं शेवटचं राज्य उरलंय. तिथल्या त्या लोकांना मूर म्हणायचे. त्यांच्या ग्रॅनाडा शहराला वेढा पडलाय. आपण इद्रिस. इद्रिस हा मूर हेर, पण वरून साधा पखालवाला. पाठीवर पाण्याची पखाल घेऊन तो शत्रूच्या छावणीत शिरतो, सगळ्यांना पाणी पाजतो, आतली बातमी काढतो आणि सुलतानाला पोचवतो. चेहऱ्यावर देवीचे व्रण, डाव्या पायानं किंचित लंगडा. कोणी त्याच्याकडे दोनदा बघत नाही.

आत्यांना इद्रिस पहिल्या दिवशीच आवडला. बाकी सगळ्यांत चुका सापडल्या. "हा डोंगर इकडं काहून दाखवला यांनी? सिएरा नेवाडा शहराच्या आग्नेयेला पाहिजे. सकाळ आहे ना? मग उजेड कुठून येऊन राहिला बघ." कंट्रोलरला त्या रिमोट म्हणायच्या आणि दोन्ही हातांनी गरम कप धरावा तसा धरायच्या. मारामारीला साफ नकार.

"आत्या, त्या शिपायाला मागून पकडा आणि चौकोनाचं बटण दाबा."

"काहून? त्यानं माझं काय केलं? तो बिचारा ड्यूटी करून राहिला."

मग आमची पद्धत ठरली. शिपाई दिसला की पळायचं आणि लपायचं. लपायच्या जागा पुष्कळ होत्या, पण आत्यांची आवडती एकच: छावणीच्या कडेचं पाण्याचं कोरडं टाकं. शिडीनं खाली उतरलं की पडदा काळा होतो. वर फक्त एक गोल उजेड, आणि त्या उजेडातून बुटांचे आवाज. इतर लोक पंधरा सेकंद थांबून बाहेर उडी मारतात. आत्या बसून राहायच्या. "जाऊ दे त्यांना पूर्ण. आपल्याला कुठं जायचं आहे?"

फेब्रुवारीत एकदा त्या इद्रिसला टाक्यात बसवून चहा टाकायला उठल्या. "त्याला बाहेर नको काढू गं. ते दोघं गेले नाही अजून."

मी सोफ्यावर एकटी. पडद्यावर काळोख. बूट आले, थांबले, लांब गेले, परत आले. चार मिनिटं झाली असतील. आणि इद्रिस पुटपुटायला लागला. खाली पांढऱ्या अक्षरांत आलं: अरबीत पुटपुटतो.

आधी मला त्या आवाजाची फक्त चाल ओळखीची वाटली. वाक्य संपताना नाकातून सुटणारा श्वास. शब्दाच्या आधी जिभेनं टाळ्याला केलेला बारीकसा टक्. मला माणसं अशीच लक्षात राहतात, चेहऱ्यांच्या आधी. मग शब्द उलगडले, आणि ते वर्ध्याच्या गल्लीतले होते.

"ताई, म्या सांगतलं. शोभीनं नाई सांगतलं. बाबानं इचारलंबी नव्हतं. म्याच जाऊन सांगतलं."

थोडा श्वास. परत तेच. दगडी टाक्यात घुमून यावा तसा, अगदी कानाच्या आत. दिगंबर काकांची कुजबुज मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, तरी ती त्यांचीच होती. मला हसू यायला हवं होतं. मी पाय सोफ्यावर ओढून घेतले.

"गेले का ते?" आत्या कप घेऊन आल्या. मी बटण दाबून इद्रिसला वर ओढलं. शिपायांनी त्याला तिथंच कापलं.

"अगं," आत्या म्हणाल्या. "म्हटलं होतं ना."

शनिवारी काका मला व्हायोलिनच्या क्लासला सोडतात. त्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली. मी काही विचारलं नाही, ती चार वाक्यं फक्त म्हटली. त्याच आवाजात, त्याच श्वासासकट. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं काका हसतील. 'पकडलंस गं' म्हणतील. दोन दिवस मी ते आरशासमोर घोटून पक्कं केलं होतं.

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजला, परत वाजला. काकांनी गाडी हळूच उजवीकडे घेतली आणि रोपं विकणाऱ्या एका बंद दुकानासमोर उभी केली. वायपर चालूच राहिले.

"तिनं ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. आत्या किचनमध्ये होत्या."

"नक्की?"

"नक्की."

मग ते बोलले. तोंड समोरच्या काचेकडे, आवाज नेहमीसारखा मोठा, त्या एवढ्याशा गाडीत फारच मोठा. गेम बनत असताना खरे नट बोलवायच्या आधी ऑफिसमधल्याच लोकांचे आवाज भरून ठेवतात. कच्चा आवाज म्हणायचं त्याला. नंतर तो काढून टाकायचा असतो. इद्रिसच्या या तुकड्यासाठी वरचा माणूस म्हणाला, डिग, तू तुझ्या भाषेत काहीतरी पुटपुट. लपलेला माणूस पुटपुटेल तसं. काहीही चालेल.

"त्या खोलीच्या भिंतींना स्पंज असतो. आत गेलं की आपल्याच रक्ताचा आवाज येतो कानात. काचेपलीकडे तीन जण, एकालाही मराठीचा म येत नाही. मी म्हटलं, इथं कोण ऐकतंय? चाळीस वर्षं जे तोंडाशी होतं, ते आलं. तीन मिनिटांत मोकळा झालो, ज्ञानदा. बाहेर येऊन डोनट खाल्लं."

"मग ते काढलं का नाही?"

"त्या फाइलवर 'कच्चा' अशी खूण करायची होती. खुणा करायचं काम माझंच होतं."

"विसरलात?"

वायपर दोनदा गेला, आला. "माहीत नाही," काका म्हणाले. "खरंच माहीत नाही. रोज विचार करतो."

खूण नाही म्हणून फाइल राहिली. भाषेच्या रकान्यात 'इतर' लिहिलं होतं. मूर माणूस पुटपुटतोय म्हणजे अरबी असणार, असं कोणीतरी धरून चाललं. गेम जगभर गेला. काकांनी मला फोनवर एक पान दाखवलं. टाक्यात चार मिनिटं बसून राहिलेल्या चिवट खेळाडूंची तिथं चर्चा चालू होती. एकानं लिहिलं होतं, ही अंदलुसियातल्या जुन्या अरबीतली मरणाआधीची प्रार्थना आहे. त्याखाली तीनशे लाइक. दुसरा म्हणत होता, माझी आजी मोरोक्कोची आहे, तिला एक शब्द कळला नाही, पण ती रडली.

"दोन वर्षांपूर्वी पॉटलकला, प्रत्येकानं एक पदार्थ न्यायच्या जेवणाला, गेलो होतो," काका म्हणाले. "माझ्या हातात मठ्ठ्याचं पातेलं. वरच्या खोलीत मुलं तोच गेम खेळत होती. जिन्यावरून मीच खाली कुजबुजत आलो. आणि खाली सगळे जिलेबी खात होते. तेव्हापासून हळू बोलायला तोंड उघडलं की तोच येतो. म्हणून..." त्यांनी हातानं गळ्याकडे काहीतरी खूण केली.

वर्ध्याची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. रत्ना आत्या एकवीस वर्षांच्या होत्या. कृष्णा नावाचा मुलगा टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचा. दोघं पळून जाऊन लग्न करणार होती. चिठ्ठ्या आत्यांची मैत्रीण शोभा हिच्याकडून यायच्या, आणि शोभाच्या घरून आपल्या घरी आणायला बारा वर्षांचा दिगू. शेवटच्या चिठ्ठीत एसटीची वेळ होती. दिगू ती घेऊन थेट घरी आला नाही. आधी बाबांच्या कापडाच्या दुकानात गेला, मग चिठ्ठी आत्यांना नेऊन दिली.

"बाबांनी विचारलंच नव्हतं. मीच सांगितलं. ताई मला सोडून चालली होती. घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं."

स्टँडवर बाबा आणि त्यांचे दोन भाऊ पोचले. कृष्णाला मारलं. तो नंतर गाव सोडून गेला, कुठं ते कळलं नाही. आणि आत्यांनी हिशेब केला की वेळ तिघांनाच माहीत होती. त्या स्वतः, कृष्णा, शोभा. दिगू तर काय, लहान. त्या दिवसापासून आत्या शोभाशी बोलल्या नाहीत. एकाच गावात, तीन गल्ल्या सोडून, चाळीस वर्षं.

"शोभाच्या दोन्ही किडन्या गेल्या आता," काका म्हणाले. "तिची मुलगी राधिका, तिनं ताईला तीनदा फोन केला. आईला एकदा भेटा म्हणून. ताई म्हणाली, जाताना सगळ्यांनाच मैत्रिणी आठवतात. सहा एप्रिलला ताई परत जाते आहे. मी सांगितलं नाही तर ती त्या घराची पायरी चढणार नाही. आणि शोभाकडे आता वेळ नाही."

"मग सांगा ना, काका."

"सांगतो. मीच सांगणार. तू फक्त तोवर तिला त्या टाक्यात जाऊ देऊ नको. तिला ते भुताच्या तोंडून कळायला नको."

माझा क्लास बुडाला होता. आम्ही घरी आलो.

पुढचे दीड महिने मी त्या टाक्यावर पहारा दिला. गेममधल्या शिपायांपेक्षा कडक. आत्यांना सांगितलं, टाक्यात बग आहे, मशीन अडकतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर कोणी काही चघळतंय असं पाहावं तसं. "पण काल सकाळी तर नाही अडकलं."

"तुम्ही सकाळी खेळता?"

"मग काय करू? तुमचा तो नळ टपकून राहिला असतो बाहेर."

"टाक्यात किती वेळ होतात?"

"चहा गार होईपर्यंत," आत्या म्हणाल्या आणि इद्रिसला बाजाराकडे वळवलं. मी विचार करत राहिले की त्यांचा चहा गार व्हायला किती वेळ लागत असेल. चार मिनिटांपेक्षा कमी, असं मी स्वतःला पटवलं.

काकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. गुढीपाडव्याला जेवणं झाली, श्रीखंडाच्या वाट्या उचलायच्या होत्या, आणि काका अचानक उभे राहिले. "ताई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग."

सगळे थांबलो. नीला काकूंच्या हातात वाट्यांचा मनोरा. काकांचं तोंड उघडलं, आणि मला दिसलं की आत तो आवाज येऊन उभा राहिलाय. त्यांनी तो गिळला.

"या आठवड्यात रिसायकलिंगची गाडी गुरुवारी येणार. बुधवारी नाही."

"बरं," आत्या म्हणाल्या. "लक्षात ठेवते."

नंतर त्यांनी एकदा फिरायला जाताना सांगायचं ठरवलं आणि आत्यांकडून दोन मैल धरणांची माहिती ऐकून परत आले. एकदा चिठ्ठी लिहिली. ती खिशातून अर्धी बाहेर काढली तेव्हा मला बारा वर्षांचा मुलगा दिसला, पँटच्या खिशात हात घालून दुकानाच्या पायरीशी उभा. त्यांनी चिठ्ठी परत आत टाकली. आमच्या भिंतीतून कधी कधी रात्री काकांचे ऑफिसचे कॉल ऐकू यायचे, मोठ्या आवाजातले, आणि मध्येच ते गप्प झाले की मला वाटायचं आता भिंतीतून तो दुसरा बोलेल. शाळेत जिम लॉकरजवळ दोन मुलं त्या गेमबद्दल बोलत होती. एकानं ते पुटपुटणं करून दाखवलं, अर्धवट, शब्दांची पार वाट लावून. "म्या सांगतलं, म्या सांगतलं." त्याला काय म्हणतोय याची कल्पना नव्हती. मी दार आपटून निघून गेले.

सहा एप्रिल, रविवार. सकाळी आठला मी एक पुडकं घेऊन गेले. इथून कोणीही भारतात निघालं की प्रत्येक घरातून एक पुडकं येतंच. आईनं नाशिकच्या आजीसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या दिल्या होत्या. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात नीला काकू प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होत्या. हॉलमध्ये दिगंबर काका हातातल्या काट्याला आत्यांची बॅग टांगून, लाल होऊन उभे होते.

"चोवीस किलो दोनशे," ते गरजले. "ताई, तेवीसच चालतात, हे हँड लोशन काढावं लागेल."

आत्या साडीवर स्वेटर आणि पांढरे बूट घालून सोफ्यावर बसल्या होत्या. हातात रिमोट. टीव्हीवर काळोख होता, वर एक गोल उजेड.

मी दारातच थांबले.

"ये गं, बस," आत्या मला म्हणाल्या. "दिगू, तू पण बस. ते वजन राहू दे."

"ताई, अकराला निघायचंय, ट्रॅफिक..."

"तीन तास आहे. बस."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. बॅग काट्यावरून निसटली आणि जमिनीवर पडली. आत्यांनी आवाज वाढवला. बूट आले, थांबले. कढईत एक पुरी चुरचुरली. मग खाली पांढरी अक्षरं आली, अरबीत पुटपुटतो, आणि इद्रिस बोलायला लागला.

ताई, म्या सांगतलं.

पूर्ण झालं. परत एकदा पूर्ण झालं. काका बॅगेवरच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या मुलाला वर्गाबाहेर बसवावं तसे.

"जानेवारीत पहिल्यांदा ऐकलं," आत्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं कामावर, ही शाळेत. मला वाटलं माझंच डोकं फिरून राहिलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोज. तीन महिने रोज सकाळी तुझ्याजवळ बसते मी त्या खड्ड्यात. म्हटलं, कधीतरी बाहेर येशील."

"ताई, मी..." भिंती हलल्या.

"हळू," आत्या म्हणाल्या. "तुला येतं हळू बोलता. मी ऐकलं आहे."

काकांचं तोंड उघडं राहिलं. आणि मग तो आवाज आला. टीव्हीतून नाही. तीच चाल, तोच जिभेचा टक्, नाकातला श्वास. "म्या सांगतलं, ताई. तू जाणार होती. मले घेऊन नव्हती जाणार."

आत्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. काकू झारा हातात धरून दारात आल्या होत्या. दोन वर्षांनी नवऱ्याची कुजबुज ऐकत होत्या, आणि ती कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कृष्णाची बोटं मोडली होती, दिगू. उजव्या हाताची तीन. तो टायपिंग शिकवायचा."

"माहीत आहे."

"तुला नाही माहीत. तू घरी होता. मी तिथं उभी होते."

काका मान खाली घालून राहिले. आत्यांनी पर्समधून फोन काढला, चष्मा वर केला.

"शोभाशी रोज बोलते मी. जानेवारीपासून. सकाळी चालायला जाते ना मी, तेव्हा. परवा उतरले की आधी तिच्याकडे जाणार, मग घरी."

"तिला सांगितलंस? माझं?"

"सांगायला गेले. ती म्हणे, मला त्याच दिवशी माहीत होतं. चिठ्ठी तुझ्या हातात दिली आणि ती गच्चीत गेली. तू गल्लीच्या तोंडाशी थांबला म्हणे. घर डावीकडे, दुकान उजवीकडे. तू उजवीकडे वळला. तिनं पाहिलं."

काकांनी मान वर केली. मी कधीच कोणाचा चेहरा असा पाहिला नव्हता, आणि तो मला कधी करून दाखवता येणार नाही.

"मग ती बोलली का नाही? चाळीस वर्षं..."

"मी पण हेच विचारलं. म्हणाली, बारा वर्षांचं पोर होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू त्याला त्या घरात जगू दिलं नसतं, रत्ना. आणि नंतर सांगायला आले, तर तू दार नाही उघडलं." आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझ्याबद्दल म्हणाली हे. दोनदा आली होती ती. मी आतून ऐकत होते, कडी धरून."

त्यांनी नंबर लावला. वर्ध्यात रात्रीचे पावणेनऊ झाले असतील. फोन वाजला, उचलला गेला, पलीकडे कोणीतरी कोणाच्या उशा सारख्या केल्या. आत्या एवढंच म्हणाल्या, "देते," आणि फोन काकांपुढे धरला.

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"दिगू का रे?" फोनमधून बारीक, सुकलेला आवाज आला. "चिठ्ठ्या आणायचा तू. पँटला एकच खिसा होता तुझ्या."

काका काहीतरी बोलले. इतकं हळू की शब्द माझ्यापर्यंत पोचले नाहीत. फक्त श्वास कळत होता. टीव्हीत चार मिनिटं पुन्हा भरली असावीत, कारण तोही सुरू झाला, तेच, त्याच आवाजात. एक बॅगेवर बसून बोलत होता आणि एक टाक्यात, आणि मी डोळे मिटले तर मला सांगता आलं नसतं की कोणता कुठून येतोय. मी टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे," आत्या म्हणाल्या.

त्यांनी रिमोट हातात घेतला, नेहमीसारखा गरम कपासारखा, आणि बटण दाबलं. इद्रिस बोलता बोलता थांबला. शिडीची एक पायरी चढला, मग दुसरी. उजेड मोठा होत गेला.

वर दोन शिपाई अजून उभेच होते. आत्यांना ते दिसत होते. त्यांनी बटणावरचं बोट उचललं नाही.